लोरेटो डे स्कूल, सियालदह

लोरेटो डे स्कूल, सियालदह ही पश्चिम बंगालची राजधानी कोलकाता येथील मुलींची इंग्रजी माध्यमाची कॅथलिक शाळा आहे. लोरेटो भगिनी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धर्मसंघाने १८५७ साली ती स्थापन केली. सियालदह रेल्वे स्थानकाजवळ, आचार्य जगदीशचंद्र बोस मार्गावर ही शाळा आहे. प्रदीर्घ काळ ती शहरातील इतर कॉन्व्हेंट शाळांसारखीच एक शाळा होती. १९७९ नंतर मात्र शुल्क न भरणाऱ्या मुलींची संख्या एकूण विद्यार्थिनींच्या जवळपास निम्म्यावर नेल्यामुळे आणि १९८५ साली रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठी ‘रेनबो’ (इंद्रधनुष्य) हा उपक्रम सुरू केल्यामुळे ती देशात व देशाबाहेर ज्ञात झाली.

पार्श्वभूमी

लोरेटो भगिनींच्या परंपरेचे मूळ मेरी वॉर्ड (१५८५–१६४५) या इंग्लिश कॅथलिक स्त्रीच्या कार्यात आहे. इंग्लंडमध्ये कॅथलिकांवर निर्बंध असताना तिने १६०९ मध्ये युरोपच्या मुख्य भूमीवर, सेंट-ओमेर येथे, स्त्रियांचा एक धर्मसंघ उभारला. मठाच्या चार भिंतींत बंदिस्त न राहता भगिनींनी समाजात वावरून मुलींना शिकवावे, असा तिचा आग्रह होता. त्या काळच्या चर्चव्यवस्थेला तो मान्य झाला नाही. पोप आठवे अर्बन यांनी १६३१ मध्ये हा संघ बरखास्त केला आणि मेरी वॉर्डला काही काळ म्युनिक येथे कैदेत ठेवण्यात आले. तिच्या सहकारिणींनी कार्याचा धागा तुटू दिला नाही. पुढे संघाला टप्प्याटप्प्याने मान्यता मिळत गेली.

याच परंपरेत शिकलेल्या फ्रान्सिस टेरेसा बॉल यांनी १८२० च्या दशकाच्या आरंभी डब्लिनजवळील राथफार्नम येथे संघाची आयरिश शाखा सुरू केली. इटलीतील लोरेटो या तीर्थक्षेत्रावरून त्या मठाला ‘लोरेटो’ असे नाव देण्यात आले आणि पुढे संपूर्ण शाखाच त्या नावाने ओळखली जाऊ लागली.

कोलकात्यात आगमन

कलकत्त्यातील कॅथलिक धर्माधिकाऱ्यांच्या विनंतीवरून १८४१ च्या ऑगस्टमध्ये बारा तरुण स्त्रियांची तुकडी आयर्लंडहून जहाजाने निघाली. मदर डेल्फिन हार्ट या तिच्या प्रमुख होत्या. चार महिन्यांहून अधिक काळाच्या प्रवासानंतर ३० डिसेंबर १८४१ रोजी ही तुकडी कलकत्त्यास पोहोचली. मिडलटन रो येथील एका जुन्या वाड्यात त्यांची सोय करण्यात आली. बंगालचे गव्हर्नर हेन्री व्हॅन्सिटार्ट यांच्याशी या वास्तूचे नाव जोडलेले आहे. तेथे जानेवारी १८४२ मध्ये शाळा सुरू झाली. तीच आजची लोरेटो हाउस होय.

दार्जिलिंग येथील शाळा १८४६ मध्ये सुरू झाली. पुढील दशकांत कलकत्त्यातील एंटाली, बऊबाजार व धर्मतल्ला या भागांत आणि लखनौ, आसनसोल, सिमला, शिलाँग इत्यादी ठिकाणीही लोरेटो शाळा निघाल्या. या विस्तारात दोन प्रकारच्या संस्था दिसतात. पहिला प्रकार वसतिगृह असलेल्या आणि मुख्यतः सुस्थितीतील युरोपीय कुटुंबांतील मुलींसाठी चालणाऱ्या शाळांचा होता. दुसरा प्रकार ‘डे स्कूल’ म्हणजे केवळ दिवसा भरणाऱ्या शाळांचा होता. वसतिगृहाचा खर्च न पेलणाऱ्या, शहरातच राहणाऱ्या ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन कुटुंबांतील मुली प्रामुख्याने त्यांत येत. सियालदहची शाळा या दुसऱ्या प्रकारची होती.

स्थापना व पहिले शतक

शाळेच्या स्थापनेचे १८५७ हे वर्ष कलकत्ता विद्यापीठाच्या स्थापनेचेही वर्ष आहे. मुलींच्या शिक्षणासाठी बेथून यांनी काढलेली शाळा तेव्हा शहरात आठ वर्षांची झाली होती, परंतु भारतीय मुलींना शाळेत पाठवण्याची प्रथा मोजक्या घरांपुरतीच मर्यादित होती. कॉन्व्हेंट शाळांचा वर्ग भाषा, वंश आणि धर्म या तिन्ही दृष्टींनी बंगाली समाजापासून वेगळा होता.

सियालदह परिसराचे स्वरूप पुढे रेल्वेमुळे पालटले. पूर्व बंगालकडे जाणाऱ्या गाड्यांचे हे मुख्य स्थानक बनले आणि त्याभोवती बाजार, गोदामे व कष्टकऱ्यांच्या वस्त्या वाढल्या. १९४७ च्या फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांनी सियालदहचे फलाट भरून गेले आणि असंख्य कुटुंबांना तेथेच दिवस काढावे लागले. याच सुमारास अँग्लो-इंडियन कुटुंबांचे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व कॅनडा येथे स्थलांतर सुरू झाले. त्यामुळे शहरातील इंग्रजी माध्यमाच्या मिशनरी शाळांतील विद्यार्थिवर्ग बदलला. युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलींची जागा भारतीय मध्यमवर्गातील मुलींनी घेतली. वंशाची भिंत अशा रीतीने ढासळली, तरी शुल्काची भिंत कायम राहिली. शाळेच्या आत चांगल्या शिक्षणाची सोय होती आणि फाटकाबाहेर पदपथावर वाढणारी मुले होती. हा विरोध सियालदह येथे विशेष ठळक होता.

बदलाचा वैचारिक संदर्भ

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन दिशांनी या स्थितीबद्दल प्रश्न उपस्थित झाले. पहिली दिशा धार्मिक होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) कॅथलिक धर्मसंघांनी आपल्या मूळ उद्दिष्टांचा पुनर्विचार सुरू केला आणि आपल्या शाळा समाजातील कोणत्या थराची सेवा करतात, हा प्रश्न अनेक संघांत चर्चिला गेला. दुसरी दिशा राष्ट्रीय धोरणाची होती. कोठारी आयोगाने (१९६४–६६) समान शाळा पद्धतीची आणि शेजारशाळेची शिफारस केली. श्रीमंत व गरीब मुलांनी वेगवेगळ्या शाळांत शिकणे हे लोकशाही समाजाच्या हिताचे नाही, अशी या शिफारशीमागील भूमिका होती. सरकारी पातळीवर ही शिफारस प्रत्यक्षात उतरली नाही. सियालदहच्या शाळेने नंतर जे केले, ते खासगी शाळेच्या मर्यादेत याच विचाराशी मिळतेजुळते होते.

सिस्टर सिरिल मूनी यांचा कार्यकाळ

सिस्टर सिरिल मूनी यांचा जन्म १९३६ मध्ये आयर्लंडमधील ब्रे येथे झाला. १९५६ मध्ये त्या भारतात आल्या. लखनौ येथे अध्यापन करत असताना त्यांनी प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. १९७९ मध्ये त्या सियालदहच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या आणि २०११ पर्यंत त्या पदावर राहिल्या.

त्यांनी सूत्रे हाती घेतली तेव्हा शाळेत सुमारे ७९० विद्यार्थिनी होत्या व त्यांपैकी सुमारे ९० मुली शुल्क न भरता शिकत होत्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पटसंख्या सुमारे १,४०० झाली आणि त्यांतील जवळपास निम्म्या मुली शुल्क न भरणाऱ्या होत्या. या मुलींसाठी स्वतंत्र वर्ग, स्वतंत्र वेळ किंवा स्वतंत्र गणवेश ठेवण्यात आला नाही. एकाच वर्गात डॉक्टरांच्या वा व्यापाऱ्यांच्या मुली आणि झोपडवस्तीतील मुली शेजारी बसत. गरीब मुलींना शुल्कमाफीबरोबरच गरजेप्रमाणे पुस्तके, गणवेश व अन्न यांचेही साहाय्य मिळे. शुल्क देणाऱ्या कुटुंबांचा वाटा आणि बाहेरून मिळणाऱ्या देणग्या यांतून हा खर्च भागवला जाई.

या बदलामागील विचार दानधर्माचा नव्हता. शाळेची इमारत, शिक्षक आणि शिकलेल्या विद्यार्थिनी ही परिसराची साधनसंपत्ती आहे व तिचा वापर केवळ शुल्क भरणाऱ्यांपुरता राहू नये, असे त्याचे स्वरूप होते.

रेनबो उपक्रम

१९८५ मध्ये सुरू झालेला रेनबो उपक्रम रस्त्यावर, रेल्वे फलाटांवर व पदपथांवर राहणाऱ्या मुलांसाठी होता. कचरा वेचणे, भीक मागणे, लहान भावंडे सांभाळणे अशा कारणांमुळे या मुलांना शाळेच्या ठरावीक वेळा पाळणे शक्य नसे. त्यामुळे त्यांना शाळेच्या वेळेत केव्हाही येण्याची मुभा देण्यात आली. मूल आले की त्याला शिकवायला कोणीतरी उपलब्ध असेल, अशी व्यवस्था करण्यात आली.

या व्यवस्थेचा कणा शाळेच्या नियमित विद्यार्थिनी होत्या. पाचवी ते दहावीच्या मुली कार्यानुभवाच्या तासांना आळीपाळीने येत आणि प्रत्येकी एका मुलाला शिकवत. एक वर्ग एका वेळी मोकळा होत असल्याने दिवसभर शिकवणाऱ्यांचा पुरवठा राही आणि नियमित अभ्यासक्रमातील तास बुडत नसत. कार्यानुभव हा विषय वेळापत्रकात आधीच होता. शिवणकाम वा हस्तकला यांऐवजी त्या तासांचा उपयोग अध्यापनासाठी करण्यात आला, एवढाच बदल होता. मोठ्या पगारी वर्गाशिवाय उपक्रम चालू शकला, याचे हे प्रमुख कारण होय.

रेनबो हा कायमचा पर्यायी वर्ग नव्हता. मूल पुरेसे तयार झाले की त्याला वयाला साजेशा इयत्तेत औपचारिक शाळेत घातले जाई. काही मुली सियालदहच्याच शाळेत दाखल होत, तर इतर मुले परिसरातील शाळांत जात. पुढे रस्त्यावर असुरक्षित असलेल्या मुलींच्या रात्रीच्या मुक्कामाचीही सोय शाळेच्या आवारातच करण्यात आली. वर्ग सुटल्यावर रिकाम्या राहणाऱ्या शालेय इमारतींचा निवासासाठी वापर करण्याची ही कल्पना कोलकात्यातील इतर लोरेटो शाळांनी स्वीकारली. त्यानंतर ‘रेनबो होम’ या नावाने ती हैदराबाद, दिल्ली, बंगळूर, चेन्नई, पुणे आदी शहरांत अन्य संस्थांमार्फत पसरली.

इतर उपक्रम

ग्रामीण शिक्षण : विद्यार्थिनींचे गट आठवड्यातून एक दिवस शहराबाहेरील खेड्यांतील शाळांत जाऊन तेथील मुलांना शिकवत. ‘मुलाकडून मुलाला’ या तत्त्वावर हा उपक्रम आधारलेला होता.

शिक्षक प्रशिक्षण : खेड्यांत व झोपडवस्त्यांत शिकवू इच्छिणाऱ्या, औपचारिक पदविका नसलेल्या तरुणांना ‘बेअरफूट’ म्हणजे अनवाणी शिक्षक म्हणून अल्पकालीन प्रशिक्षण देण्यात येई. स्वस्त व हाताशी असलेल्या साहित्यातून शिकवण्याच्या पद्धतींवर त्यात भर असे.

घरकामगार मुली : मध्यमवर्गीय घरांत कामाला ठेवलेल्या लहान मुली बाहेरच्या जगाला दिसत नाहीत. शाळेच्या विद्यार्थिनींनी आपापल्या परिसरात अशा मुलींचा शोध घेऊन त्यांच्याशी मैत्री करण्याचे व त्यांना शिक्षणाकडे वळवण्याचे काम केले. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यावर भारतात ऑक्टोबर २००६ मध्ये बंदी आली. शाळेचे हे काम त्या प्रश्नाशी थेट निगडित होते.

मदर तेरेसा व लोरेटो परंपरा

सियालदहपासून जवळच असलेल्या एंटाली येथील लोरेटोच्या आवारात सेंट मेरीज ही बंगाली माध्यमाची शाळा होती. मदर तेरेसा लोरेटो भगिनी असताना तेथे शिकवत व १९४४ मध्ये तिच्या मुख्याध्यापिका झाल्या. वस्त्यांमधील गरिबांत काम करण्यासाठी ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांनी लोरेटो मठ सोडला आणि १९५० मध्ये ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’ हा स्वतंत्र संघ स्थापन केला. मठ व वस्ती यांमधील अंतराच्या प्रश्नाला एकाच धर्मसंघातून दोन वेगळी उत्तरे पुढे आली. मदर तेरेसा शाळेबाहेर पडल्या. सियालदहच्या शाळेने बाहेरच्या मुलांना आत घेतले.

सन्मान

साक्षरता प्रसाराच्या कार्यासाठी १९९४ मध्ये युनेस्कोचा नोमा पुरस्कार शाळेच्या कार्यास मिळाला. सिस्टर सिरिल यांना भारत सरकारने २००७ मध्ये पद्मश्री प्रदान केली. जून २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

मर्यादा व महत्त्व

शाळेच्या प्रयोगाविषयी काही प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतात. शुल्क न भरणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर गेल्यास उरलेला खर्च देणग्यांवर अवलंबून राहतो. एका खंबीर मुख्याध्यापिकेच्या बत्तीस वर्षांच्या कार्यकाळात उभी राहिलेली रचना इतरत्र तशीच उभी राहील, याची शाश्वती नसते. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घरी आधार नसलेल्या मुलीला टिकवून ठेवण्यासाठी सतत जादा कष्ट घ्यावे लागतात.

या प्रयोगाचे महत्त्व पुढील कायद्याच्या संदर्भात अधिक स्पष्ट होते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याने खासगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी ठेवणे बंधनकारक केले. शाळाबाह्य मुलांना वयानुरूप वर्गात प्रवेश व विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूदही त्यात आहे. रेनबो उपक्रमात ही पद्धत १९८५ पासून वापरली जात होती. पुढे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याक शाळांना हा अधिनियम लागू होत नसल्याचा निर्णय दिला. सियालदहची शाळा अल्पसंख्याक संस्था आहे. कायद्याने इतर शाळांवर जे प्रमाण बंधनकारक केले, त्याच्या जवळपास दुप्पट प्रमाण या शाळेने कायदा येण्यापूर्वी एक दशकाहून अधिक काळ आधीच स्वेच्छेने गाठले होते.