कारखाना बंद, गाडी चालू

ज्यांनी कधी एखादी जुनी सिस्टीम सांभाळली आहे त्यांना 'एंड ऑफ लाइफ' या तीन शब्दांची धास्ती माहीत असते. कंपनी एक तारीख जाहीर करते. त्यानंतर पॅच नाही, सपोर्ट नाही, फोन उचलायलाही कोणी नाही. मग एक तर सगळं नव्यावर हलवा, नाहीतर देवाचं नाव घेऊन चालवत राहा. आज ज्या गाडीबद्दल लिहितोय तिची ही तारीख होती ऑक्टोबर १९८०. आणि तरीही तिचं कोरं करकरीत बॉडीशेल, म्हणजे दारं-बॉनेटसकट अख्खा पत्र्याचा सांगाडा, आजही विकत मिळतो. घरच्या गॅरेजमध्ये त्यात जुनं इंजिन बसवून लोक गाडी पुन्हा उभी करतात. हे जमलं कसं, ही गोष्ट मला खुद्द गाडीपेक्षाही भारी वाटते.

गाडीचं नाव एमजीबी. एमजी म्हटलं की आता आपल्याला २०१९ साली आलेली हेक्टर आठवते, पण ते नाव चिनी कंपनीकडे जायच्या खूप आधीची ही कथा आहे. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, मूळ ऑक्सफर्डचं. १९२९ मध्ये कारखाना जवळच्याच ॲबिंग्डन गावात गेला आणि पुढची पन्नास वर्षं तिथेच राहिला. एमजीबी आली १९६२ मध्ये. दोन सीटची, उघड्या टपाची, १७९८ सीसीचं इंजिन, ९५ अश्वशक्ती. आज हे आकडे वाचून हसू येईल, पण तेव्हा साध्या पगारदार माणसाला परवडेल अशी ताशी १०० मैलांच्या पुढे जाणारी स्पोर्ट्स कार ही छोटी गोष्ट नव्हती. १९६५ मध्ये पक्क्या छपराची जीटी आली. दोन्ही मिळून पाच लाखांच्या वर गाड्या बनल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त अमेरिकेला गेल्या.

आणि गाडीत होतं काय? खरं सांगायचं तर नवीन असं फार काही नाही. इंजिन बीएमसी कंपनीच्या बी-सिरीजचं. याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या ॲम्बॅसॅडरमध्ये वर्षानुवर्षं होतं! म्हणजे ॲम्बॅसॅडरचे टॅपेट सेट करून हात काळे केलेल्या आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रीला एमजीबीचं बॉनेट उघडून दिलं तर तो बिचकणार नाही. बिडाचं ओबडधोबड इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, मागे बैलगाडीला शोभतील असे पाटे. त्या काळात जॅग्वार, लोटस वगैरे मंडळी पुष्कळ पुढे गेली होती. पण 'कुठूनही, कसाही, पान्याने उघडता येणारा' हाच गुण पुढे या गाडीला तारून गेला. लोटसमध्ये डोकं जास्त होतं हे मान्य, पण एमजीबी जगली.

नवीन एकच गोष्ट होती, आणि सगळं दुखणं तिथेच. आधीच्या एमजीएला खाली वेगळी चासी होती. एमजीबी मोनोकॉक, म्हणजे पत्र्याचं खोकं हीच तिची चासी. उघड्या गाडीला छप्पर नाही, त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवण्याचं बरंचसं काम दारांखालच्या पोकळ पट्ट्यांवर, म्हणजे सिलवर येतं. इंग्लंडचा पाऊस, वर हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ. ते पाणी सिलमध्ये शिरतं आणि पत्रा आतून कुजत येतो. बाहेरून रंग चकचकीत, आत चाळण. अशी गाडी घरी दुरुस्त करणाऱ्याला पहिला धडा हा मिळतो की कुजलेलं सिल थेट कापायचं नाही. आधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार वेल्ड करायचा, मग कापायचं. नाहीतर गाडी मधोमध खचते आणि नवीन सिल कितीही सुंदर वेल्ड केलं तरी दार पुन्हा म्हणून लागत नाही. चालू सिस्टीमचा मुख्य सर्व्हर बदलण्यासारखंच आहे हे :-)

हे धडे सामान्य माणसाला कुठून मिळाले? इथे एका पुस्तकवाल्याचं नाव घ्यायलाच हवं. जॉन हेन्स हा ब्रिटिश हवाई दलातला अधिकारी एडनला नेमणुकीवर असताना एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट दुरुस्त करायला लागला. (स्प्राइट म्हणजे एमजी मिजेटची जुळी बहीण.) कंपनीचं मॅन्युअल समोर होतं, पण ते कंपनीच्या मेकॅनिकसाठी लिहिलेलं. घरी बसून काम करणाऱ्याला त्यातून काही उमगेना. तेव्हा त्याने गाडी पूर्ण खोलली, पायरीपायरीने फोटो काढले आणि पुन्हा जोडली. त्यातून १९६६ मध्ये पहिलं हेन्स मॅन्युअल निघालं. ३००० प्रती तीन महिन्यांच्या आत संपल्या. पुढे शेकडो गाड्यांची मॅन्युअल्स आली आणि पद्धत तीच राहिली, आधी स्वतः गाडी खोला, मग लिहा. 'काढलंत तसंच उलटं बसवा' एवढं म्हणून हे पुस्तक मोकळं होतं, असा त्यावर एक कायमचा विनोद आहे, आणि गंजलेला बोल्ट तुटून हातात आला की तो विनोद फार झोंबतो म्हणे. पण डॉक्युमेंटेशन कोणासाठी लिहायचं हे त्या माणसाला नेमकं कळलं होतं. आपल्याकडे किती जणांना कळतं, जाऊ दे.

आता अपग्रेडकडे येऊ. आपला समज असा की कंपनी गाडी बनवते आणि हौशी लोक नंतर त्यात काड्या करतात. एमजीबीच्या बाबतीत उलटंही घडलं. १९६७ मध्ये कंपनीने मोठं सहा सिलिंडरचं इंजिन घालून एमजीसी काढली. इंजिन बिडाचं, जड. गाडीचं नाक भारी झालं, वळणावर ती वळायचं नाव घेईना, आणि १९६९ मध्ये गाशा गुंडाळला. त्याच सुमारास केन कॉस्टेलो नावाच्या गृहस्थाने आपल्या वर्कशॉपमध्ये एमजीबीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ बसवून दाखवलं. आठ सिलिंडर, पण इंजिन ॲल्युमिनियमचं, त्यामुळे वजन मूळच्या चार सिलिंडरच्या बिडाच्या इंजिनाइतकंच जवळपास. तो अशा गाड्या विकायलाही लागला. मग ब्रिटिश लेलँडने त्याची एक गाडी मागवून तपासली आणि १९७३ मध्ये स्वतःची एमजीबी जीटी व्ही-८ बाजारात आणली. जगातली सगळी साधनं हाताशी असलेल्या कंपनीला जे सुचलं नाही ते एका छोट्या वर्कशॉपला सुचलं. कंपनीने मात्र १९७६ पर्यंत जेमतेम २५९१ गाड्या काढून तेही बंद केलं.

यापुढचा प्रकार तर अजबच. अमेरिकेत बंपरचे आणि धुराचे नवे नियम आले. नवीन गाडी काढायला लेलँडकडे पैसे नव्हते (होते ते बहुधा भांडणात खर्च होत होते). मग १९७४ च्या शेवटी एमजीबीला क्रोमच्या नाजूक बंपरऐवजी काळे जाडजूड बंपर चिकटवले. लोक त्यांना रबरी म्हणतात, पण ते खरं म्हणजे पोलादावर पॉलीयुरेथेन. बंपर ठरलेल्या उंचीवर यावा म्हणून अख्खी गाडीच दीडेक इंच उचलली. वर खर्च वाचवायला पुढचा अँटी-रोल बार काढून टाकला. उंच गाडी आणि तीही बाराशिवाय. वळणावर काय होत असेल याची कल्पना करा. तो बार १९७६ मध्ये परत द्यावा लागला. अमेरिकेतल्या गाड्यांना दोनाऐवजी एकच कार्बोरेटर उरला आणि ताकद ९५ वरून साठ-पासष्टावर आली. चौदा वर्षांत स्पोर्ट्स कार हळू झाली!

त्यामुळे या गाडीचं घरगुती अपग्रेड बऱ्याचदा पुढे जाणं नसतंच, ते रोलबॅक असतं. लोक १९७५ नंतरची गाडी घेतात, काळे बंपर उतरवतात, पुढचे मडगार्ड बदलतात, पाटे बदलून गाडी खाली आणतात आणि १९७० सालची करतात. ज्या गोष्टी खरंच पुढच्या आहेत त्या बाहेरून दिसत नाहीत. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन. चार गिअरच्या जागी फोर्ड सिएराचा पाच गिअरचा बॉक्स, म्हणजे हायवेवर इंजिन बोंबलत नाही. ब्रिटनमध्ये १९९९ च्या अखेरीस शिशाचं पेट्रोल गेलं, तेव्हा हेड उतरवून व्हॉल्व्हखाली कडक धातूच्या सीट बसवाव्या लागल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये तिकडे दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं, तेव्हा इंधनाचे जुने रबरी पाइप बदलावे लागले. (वीस टक्के इथेनॉलवरून आपल्याकडे जुन्या गाड्यांचे मालक का धास्तावले ते यावरून लक्षात येईल.) हे सगळं करायला कोणाचा पासवर्ड लागत नाही.

असो. कारखान्याकडे वळू. सप्टेंबर १९७९ मध्ये ॲबिंग्डनने आपली पन्नाशी साजरी केली. गावात मिरवणूक, बँड वगैरे. सोमवारी कामगार परत आले तर कंपनीने कारखाना बंद करण्याची घोषणा केली. अमेरिकेत विकलेल्या प्रत्येक गाडीमागे ९०० पौंड तोटा होतो, असा हिशेब कंपनीने मांडला. तो अनेकांनी तेव्हाच खोडून काढायचा प्रयत्न केला, पण पौंड महाग झाला होता हे खरंच. ॲस्टन मार्टिनच्या पुढाकाराने कारखाना विकत घ्यायची खटपट झाली, तीही फसली. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली आणि हजाराच्या आसपास लोकांचं काम गेलं. पन्नाशीच्या हारातली फुलं सुकली नसतील. हा भाग नॉस्टॅल्जियाच्या पुस्तकांत दोन ओळींत उरकतात, ते मला खटकतं. गाडी वाचली या आनंदात हे विसरायला नको की माणसं वाचवली नव्हती.

गाडी वाचली ती अशी. लेलँडने जुन्या गाड्यांचे सुटे भाग आणि वारसा सांभाळायला ब्रिटिश मोटर हेरिटेज नावाची शाखा काढली होती. ऐंशीच्या दशकात तिथल्या डेव्हिड बिशप यांच्या डोक्यात आलं की लोक एकेक पत्रा जोडत बसतात त्यापेक्षा अख्खं शेलच का बनवू नये? त्यासाठी पत्रा दाबायचे मूळ साचे हवेत. ते वेगवेगळ्या ठिकाणी विखुरले होते, काही गंजत पडले होते. ते शोधून काढले, दुरुस्त केले, सांगाडा वेल्ड करायचे जिग उभारले आणि १९८८ मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या फॅरिंग्डनला नवीन एमजीबीचं शेल तयार झालं. कारखाना बंद पडून आठ वर्षं झाली होती! आपल्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड कोणाच्या तरी जुन्या डिस्कवर सापडला, आणि मुख्य म्हणजे तो कंपाइल झाला. मूळ मालकाला स्वतःलाच त्याचा मोह पडला. रोव्हरने १९९२ मध्ये त्याच शेलवरून आरव्ही-८ नावाची गाडी काढली, सुमारे २००० बनवल्या आणि त्यातल्या तीन चतुर्थांशाहून जास्त जपानला पाठवल्या. शेलचं काम पुढे विटनीला हललं. शेल स्वस्त नाही, पण वीकेंडमागून वीकेंड वेल्डिंग करण्यातला तुमचा वेळ मोजला तर महागही नाही.

आता खरा प्रश्न. शेल नवीन, गिअरबॉक्स फोर्डचा, वायरिंग नवीन. मग ही १९६८ सालची गाडी म्हणायची की आजची? वाद तर होतातच. एका बाजूला 'स्क्रूसुद्धा मूळचाच हवा' म्हणणारे, दुसऱ्या बाजूला 'चालवायची तर चालणारी हवी' म्हणणारे. गंमत म्हणजे ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याने अनेक वर्षं या प्रश्नाला चक्क मार्क दिले होते. जुना नंबर टिकवायला किमान आठ गुण हवेत. सांगाड्याला पाच, सस्पेन्शन, स्टिअरिंग, ॲक्सल आणि गिअरबॉक्स यांना प्रत्येकी दोन, आणि इंजिनाला? फक्त एक! सांगाडा मूळचा किंवा तसाच नवा असेल तर पाच गुण मिळत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने गाडीचा आत्मा इंजिनात नव्हता, पत्र्यात होता, आणि तो पत्रा नवा असला तरी चालत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये खात्याने नियम आणखी सैल केले. दुरुस्तीनंतर गाडी मूळ रूपासारखीच दिसत असेल तर कळवण्याचीही गरज ठेवली नाही.

माझं मत विचाराल तर मी चालवणाऱ्यांच्या बाजूचा. जुन्या वाड्याचे खांब बदलले, कौलं बदलली म्हणून वाडा दुसऱ्याचा होत नाही. त्यात कोणी राहायचं सोडलं तर मात्र तो पडतो. फक्त एक अट. काय बदललं ते लिहून ठेवा आणि काढलेले मूळचे भाग खोक्यात भरून माळ्यावर टाका, फेकू नका. पुढच्या मालकाला रोलबॅक करावासा वाटला तर? साचे फेकले असते तर १९८८ साली काय झालं असतं!