बेरोजगारीची सरकारी आकडेवारी : लोकांचा अविश्वास

सरकारने जाहीर केलेला बेरोजगारीचा दर प्रत्यक्षापेक्षा फार कमी आहे, ही लोकांत पसरलेली भावना. भारतात ती २०१९ मध्ये बळावली. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण कार्यालयाच्या २०१७-१८ च्या श्रमबल सर्वेक्षणात (पीएलएफएस) देशातील बेरोजगारीचा दर ६.१ टक्के आला. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने मंजूर केलेला हा अहवाल रखडवण्यात आला, तेव्हा आयोगाचे कार्यवाहक अध्यक्ष पी. सी. मोहनन व सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी जानेवारी २०१९ मध्ये राजीनामे दिले. आकडे वृत्तपत्रात फुटले. हा निव्वळ मसुदा आहे, असे सरकारकडून सांगितले गेले; पण लोकसभा निवडणूक उरकल्यावर ३१ मे रोजी तोच दर अधिकृतपणे प्रसिद्ध झाला.

अविश्वासाचे खोल मूळ मोजणीच्या पद्धतीत आहे. उदाहरणार्थ, पुणे जिल्ह्यातील मांडवगण फराटा (ता. शिरूर) आणि शेजारचा दौंड तालुका हा भीमाकाठचा ऊसपट्टा. पदवी घेऊन पोलीसभरतीची तयारी करणारा येथील मुलगा घरच्या उसाला पाणी देत असेल, गाईंच्या धारा काढत असेल, तर सर्वेक्षणात तो घरच्या व्यवसायातला बिनपगारी मदतनीस, म्हणजेच रोजगार असलेला ठरतो. साप्ताहिक मोजणीत तर आठवड्यातून एक तास काम केले तरी पुरते. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत चार महिने कंत्राटावर राहून परतलेल्याचेही तसेच. घरचे लोक मात्र त्याला बेकार समजतात, मुलगी देणारेही तेच समजतात. शिवाय या पाहणीतून गावाचा वा तालुक्याचा वेगळा दर मिळत नाही. त्यामुळे देशाचा आकडा आपल्या वस्तीशी ताडून पाहण्याची सोय नाही.

ही अडचण नवी नाही. अर्थतज्ज्ञ एम. एल. दांतवाला यांच्या समितीने १९७० मध्येच शेतीप्रधान देशातील बेकारी एका आकड्यात मांडू नये, असे सुचवले होते.

२०१७-१८ ते २०२३-२४ या काळात दर ६.१ वरून ३.२ टक्क्यांवर उतरला. त्याच काळात काम असलेल्यांतील बिनपगारी मदतनीसांचे प्रमाण १३.६ वरून १९.४ टक्क्यांवर गेले. सर्वेक्षण करणारे खोटे आकडे लिहितात, हा आरोप अन्यायाचा आहे. अहवाल दडवणे आणि बिनपगारी राबणाऱ्याला रोजगार असलेल्यांच्या रांगेत बसवणे, हे दोन आक्षेप मात्र रास्त आहेत. बेरोजगारीच्या दराशेजारीच बिनपगारी मदतनीसांचा आकडाही तितक्याच ठळकपणे जाहीर व्हायला हवा.