घरात आलेलं आरमार

विजयदुर्गाजवळ गिर्ये हे आमचं गाव. तिथे वादळाची बातमी आधी बंदरावर लागायची आणि मग घरोघर पोचायची. पावसाळ्याच्या तोंडाशी खाडीकडून एखादा पोर धावत येई आणि अंगणातूनच ओरडे, "तीन नंबराचो बावटो लागलो!" माझी पणजी, जिला सगळा वाडा मोठी आय म्हणायचा, चुलीवरची पेज उतरवून देवापुढे दिवा लावी. आपलं माणूस समुद्रावर असो वा नसो, दिवा लागायचाच. कुणाचं तरी माणूस पाण्यावर असतंच, असं तिचं म्हणणं.

खरं तर ते काही कापडी निशाण नसे. दिवसा खांबावर शंकूच्या किंवा नळकांड्याच्या आकाराची खूण चढे आणि रात्री दिवे लागत. पण आमच्या लोकांनी त्याला बावटाच म्हटलं. तो कुणी सुरू केला, असं विचारलं की मोठी आय म्हणे, "सरकारान." त्या सरकारातला तो माणूस मला पुढे पुस्तकांत भेटला. रॉबर्ट फिट्झरॉय, ब्रिटिश आरमारातला अधिकारी. डार्विनला जगभर फिरवून आणणाऱ्या 'बीगल' जहाजाचा कप्तान तो हाच. १८५९ च्या ऑक्टोबरात वेल्सच्या किनाऱ्यावर 'रॉयल चार्टर' नावाचं जहाज वादळात फुटलं आणि चारशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर फिट्झरॉयनं तारेनं हवेच्या खबरा गोळा करून, १८६१ पासून बंदरांवर धोक्याच्या खुणा चढवायची रीत घातली. आपल्याकडे १८६४ साली कलकत्त्याला भयंकर चक्रीवादळ झालं, मग इथल्याही बंदरांना इशारे मिळू लागले आणि १८७५ मध्ये हवामान खातं उभं राहिलं. इतक्या लांबून आलेली ती खूण, आणि तिच्यावर आमच्या वाड्यातल्या किती बायका रात्रभर जाग्या राहिल्या असतील!

त्याच आरमाराची दुसरी गोष्टही मोठ्या आयकडूनच ऐकली. ती सांगताना तिचा आवाज खाली जाई. "दोन राती खाडी पेटली होती. पाण्यार उजेड नि घरात काळोख." तिने ते पाहिलेलं नव्हतं, तिच्या आजीनेही नव्हतं. तरी आपल्या परसातली गोष्ट असावी तशी ती सांगे. आमच्या घराण्यातला एक पुरुष आंग्र्यांच्या आरमारातल्या गुराब जहाजावर होता आणि तो परत आला नाही, असं ती म्हणे. त्याचं नाव मात्र दर खेपेला बदलायचं. कधी तो सुकाणू धरणारा असे, कधी नुसता खलाशी. माझ्या आठवणीतही आता त्याची दोन-तीन नावं एकमेकांत मिसळली आहेत.

इतिहासात त्या आगीची तारीख पक्की आहे. १७५६ च्या फेब्रुवारीत अॅडमिरल वॉटसनच्या जहाजांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या. जमिनीवरच्या फौजेबरोबर रॉबर्ट क्लाइव्ह होता. तुळाजी आंग्र्यांच्या एका जहाजानं पेट घेतला आणि पाहता पाहता दाटीनं नांगरलेलं सगळं आरमार जळून गेलं. दुखणारी गोष्ट अशी की या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. कोकणकिनाऱ्याचं स्वतःचं आरमार त्या आगीतून पुन्हा पहिल्यासारखं उभं राहिलं नाही. वॉटसन आणि क्लाइव्ह पुढे बंगालात गेले, आणि दुसऱ्याच वर्षी प्लासी झाली. विजयदुर्गाच्या आदल्या वर्षी, १७५५ मध्ये, कमोडोर जेम्सनं सुवर्णदुर्ग घेतला होता. त्याच्या बायकोनं त्याच्यामागे लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ १७८४ मध्ये एक मनोरा बांधला आणि त्याला सुवर्णदुर्गाचंच नाव दिलं. तो मनोरा अजून उभा आहे. हर्णैच्या समोरच्या आपल्या किल्ल्याचं नाव तिकडच्या टेकडीवर नांदतंय, हे मोठ्या आयला सांगायला हवं होतं. तोवर ती गेली होती.

मग आमची माणसं मुंबईला लागली. शेत थोडं, खाणारी तोंडं फार, आणि विजयदुर्गाहून बोट सुटायची ती थेट मुंबईला. आजोबा आरमारी गोदीत सुतार म्हणून लागले. त्यांच्या हातांना सागाचा वास यायचा, आणि आजी म्हणे की रविवारीसुद्धा तो वास जात नाही. गोदीच्या गोष्टी सांगताना आजोबा हटकून वाडिया शेटजींपासून सुरुवात करत, जणू त्यांना प्रत्यक्ष भेटले होते. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईत आले ते १७३० च्या दशकात. १७५० मध्ये इथे दगडी सुकी गोदी बांधली गेली, आणि वाडियांच्या पिढ्यांनी मलबारी सागाची अशी जहाजं बांधली की ब्रिटिश आरमारानं आपल्या युद्धनौका इथून बांधून घेतल्या. १८१० ची 'मिंडेन' ही ब्रिटनबाहेर बांधलेली त्यांची पहिली मोठी युद्धनौका. 'कॉर्नवॉलिस' १८१३ ची. तिच्याच डेकवर १८४२ साली चीनशी नानकिंगचा तह झाला.

आजोबा सागाची एक ढलपी हातात देऊन म्हणायचे, "हुंगून बघ. ह्यात तेल आहे. पाण्यात कुजत नाही, खिळ्याला खात नाही. विलायती ओक ह्याच्यापुढे टिकायचा नाही." ते खरंच होतं. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरवलेली 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. अजून पाण्यावर असलेली ती सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका. त्या फळ्या तासणारे हात कुणाचे होते, त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. शेटजींचं नाव राहिलं, याचा आनंदच आहे. सुतारांची राहिली असती तर आजोबांना आणखी बरं वाटलं असतं.

गोदीनं घराला घड्याळही दिलं. मुंबईत तेव्हा दोन वेळा चालत. १९०६ मध्ये सगळ्या देशाची प्रमाणवेळ आली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची. पण मुंबईनं आपली वेळ सोडली नाही. ती ३९ मिनिटं मागे असायची. रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या नव्या वेळेवर, नगरपालिकेची घड्याळं जुन्या. आजोबा गोदीच्या वेळेनं निघायचे आणि आजीचं नळाला, बाजाराला जाणं मुंबई टाइमानं. दोन्ही हिशेब तिच्या डोक्यात पक्के. एकदाही डबा चुकला नाही, असं ती अभिमानानं सांगे. ग्रिनिचची वेधशाळा १६७५ मध्ये बांधली गेली ती दर्यावर्दींना आपण समुद्रात कुठे आहोत हे कळावं म्हणून, आणि कुलाब्याची वेधशाळाही १८२६ मध्ये जहाजांच्या वेळेच्या सोयीसाठीच निघाली. लालबागच्या चाळीतला तो डबा या सगळ्यांच्या मेळानं वेळेवर निघत होता.

आजोबांचे धाकटे भाऊ, आमचे काकाआजोबा, दुसऱ्या महायुद्धात आरमारात भरती झाले. त्याआधीही रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमान घरांतले तरुण पिढ्यान्‌पिढ्या आरमारात जात आले होते. युद्धापूर्वी दोन हजारांच्याही आत असलेलं हिंदी आरमार युद्ध संपेतो तीस हजारांच्या घरात गेलं, त्यात हे एक. म्हातारपणीही त्यांचं अंथरूण सकाळी असं घडी घातलेलं असे की कोपरे मोजून घ्यावेत. पितळेचा तांब्या ते रोज स्वतः घासत. पानात शीत टाकलेलं त्यांना खपत नसे. आणि बिस्कुट खाण्यापूर्वी ते पाटावर दोनदा आपटत. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "जुन्या गोऱ्या खलाशांकडून उचललं." शिडाच्या जहाजांवरच्या कडक बिस्कुटांत किडे व्हायचे, ते झाडून टाकायची ती सवय. ग्लुकोजच्या बिस्कुटात किडे कुठले? पण हात थांबत नसे, आणि आम्ही नातवंडंही तसंच आपटून खायला शिकलो.

ते बोटीवर निघाले की आजी लिंबाच्या लोणच्याची बरणी बांधून देई, तोंडाला फडकं, वर सुतळी. तिच्या लेखी ती तोंडाला चव यावी म्हणून. लिंबाचा आणि आरमाराचा संबंध मात्र फार जुना. लांबच्या सफरीत खलाशांच्या हिरड्या सुजत, दात पडत, जुन्या जखमा उघडत. लढाईपेक्षा या रोगानं जास्त माणसं मरत. १७४७ मध्ये जेम्स लिंड नावाच्या आरमारी वैद्यानं 'सॅलिसबरी' जहाजावरच्या बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबू खाणारे दोघे सर्वांत आधी उठले. इतकं स्पष्ट दिसूनही सगळ्या आरमाराला लिंबाचा रस मिळायला १७९५ साल उजाडलं. मधल्या वर्षांत किती आयांची पोरं गेली असतील! आजीची बरणी आठवली की मला तीही आठवतात.

आता १९४६ चा नाविकांचा उठाव. काकाआजोबा या विषयावर बोलत नसत. जे कळलं ते आजीकडून. खाण्याची तक्रार आधीपासून होती. सुट्टीवर आले की ते आजीच्या कुळथाच्या पिठीवर तुटून पडत आणि म्हणत, "वहिनी, डाळीत खडा नसतो हे विसरायला झालं होतं." तेवढं एक वाक्य आजीनं जपून ठेवलं होतं. १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या 'तलवार' या संदेश-प्रशिक्षण केंद्रातल्या नाविकांनी तसलं अन्न नाकारलं आणि काम थांबवलं. अन्नाच्या मागे पगारातला भेद होता, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या होत्या, आझाद हिंद फौजेच्या कैद्यांना सोडा ही मागणी होती. बिनतारी यंत्रं त्यांच्याच हातात, त्यामुळे दोन दिवसांत बातमी बंदरोबंदरी गेली. जहाजांवर काँग्रेसचा, लीगचा आणि लाल असे तीन झेंडे एकत्र चढले. २१ तारखेला कॅसल बॅरॅक्सवर गोळीबार झाला. जहाजांवरची रसद तुटली, आणि मुंबईची माणसं गेटवेपाशी अन्न घेऊन लोटली. इराणी, हिंदू, मुसलमान हॉटेलवाल्यांनी टोपल्या भरून दिल्या. पहाऱ्यावरच्या हिंदी शिपायांनीही ते होड्यांत चढवायला हात लावला.

आमच्या चाळीतल्या बायकांनीही चपात्या लाटल्या. किती, ते आजीला आठवत नव्हतं. परातीवर परात झाली, एवढंच. कुणी गूळ दिला, कुणी सुकी चटणी. आजोबा आणि शेजारचे दोघं धोतराच्या गाठोड्यात बांधून ते घेऊन गेले. काकाआजोबांच्या बोटीपर्यंत त्यातलं काही पोचलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. आजी म्हणे, "कुणाच्या तरी पोटात गेलं ना, मग झालं." दुसऱ्या दिवशी गिरण्या बंद पडल्या, आणि परळ-लालबागच्या रस्त्यांवर गोळ्या सुटल्या. चाळीत सगळ्यांनी गाद्या खिडक्यांना लावल्या आणि पोरांना मोरीत बसवलं. सरकारी हिशेबानंही दोनशेहून जास्त माणसं त्या दोन दिवसांत मेली. २३ तारखेला, सरदार पटेलांच्या सांगण्यावरून, नाविकांनी शस्त्रं खाली ठेवली. उठावातल्या पुष्कळांना आरमारातून काढून टाकलं गेलं आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना परत घेतलं नाही. काकाआजोबा त्याच वर्षी गावी परतले आणि आयुष्यभर भातशेती केली. तिन्हीसांजेला मात्र खाडीच्या तोंडाशी जाऊन बसत.

मला वाटतं, आरमाराची खरी बखर अशीच घराघरांत वाटली गेली आहे. एकाच आरमारानं आमची खाडी पेटवली, आम्हाला बावटा दिला, आजोबांना भाकर दिली आणि काकाआजोबांना अपमान दिला. यातलं एक सांगून दुसरं लपवलं तर ती गोष्ट खोटी होते. आमच्या म्हाताऱ्यांनी काहीच लपवलं नाही. त्यांनी द्वेषही शिकवला नाही आणि गोऱ्या साहेबाची वाहवाही केली नाही. जे भोगलं ते जेवताना, भांडी घासताना, अंथरूण घालताना सांगत राहिले. कॅसल बॅरॅक्सचं नाव स्वतंत्र भारताच्या नौदलानं पुढे 'आंग्रे' ठेवलं. मोठ्या आयच्या त्या नाव बदलणाऱ्या पुरुषाला याहून योग्य मान मिळाला नसता.

तुमच्याही घरात कुणी गोदीत, बोटीवर, दीपगृहावर असेल; असलंच पाहिजे, कोकणात असं कुणी नसलेलं घर विरळा. ती माणसं असतील तर या आठवड्यात त्यांच्याजवळ बसा. जहाजाचं नाव विचारा, जेवणात काय असायचं ते विचारा, आणि सांगतील ते तारखेसकट लिहून ठेवा. तारीख चुकली तर पुस्तकात सापडेल. डाळीतला खडा पुस्तकात सापडणार नाही.