पोस्टातलं टीव्हीचं लायसन

घरात टीव्ही आहे म्हणून आज सरकार वेगळे पैसे मागत नाही. आपल्या आई-आजीच्या काळी मात्र रेडिओला आणि टीव्हीला लायसन लागायचं. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे. रेडिओला वर्षाला 15 रुपये, टीव्हीला 50.

2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते आपल्या पिंपरी-चिंचवडलाही दिसू लागलं. कारखान्यातल्या साहेबाला 50 रुपये आणि हप्त्याने टीव्ही घेणाऱ्या कामगारालाही 50च. शिवाय चाळीत टीव्ही एकाचा, पाहणारी सगळी आळी. हा न्याय होता का? 1976 पासून दूरदर्शनवर जाहिराती आल्या आणि पुढे केंद्र सरकारने लायसन बंद केलं.

मग दूरदर्शन फुकट झालं का? नाही. जाहिरातींच्या जोडीला सरकारी तिजोरीतून त्याला पैसा जातो, आणि त्या तिजोरीत आपण साबणावर, बिस्किटावर भरलेला करही असतो. जिच्या खोलीत टीव्हीच नाही, तीही भरते.

आपल्या बचत गटात सगळ्यांची वर्गणी सारखीच असते. तरी कुणाला अन्याय वाटत नाही, कारण हिशेबाची वही सगळ्यांसमोर उघडते. लायसनचा बोजा गेला ते बरंच झालं. पण त्याबरोबर 'आमच्या पैशाचं काय केलं?' हे विचारायचंही आपण विसरलो. चाकणला कांदा पिकवणाऱ्या बाईसाठी, रात्रपाळीहून येणाऱ्या मुलीसाठी दूरदर्शनवर काय आहे? पुढच्या बैठकीत हे विचारणारं पत्र लिहूया. पैसे आपलेही आहेत.