वेग कशावर अवलंबून?

‘क्ष हे स्वतंत्र चल आणि य हे अवलंबी चल’ हे आपले विद्यार्थी घडाघडा म्हणून दाखवतात. पण दोन राशी एकाच वेळी बदलत असतील, तर स्वतंत्र कोणती मानायची? या प्रश्नाने एकेकाळी गॅलिलिओलाही अडवले होते.

वरून सोडलेल्या दगडाचा वेग वाढत जातो. पण कशाच्या प्रमाणात? दगड पडताना अंतरही वाढते आणि काळही. १६०४ साली पाओलो सार्पी या मित्राला लिहिलेल्या पत्रात गॅलिलिओने अंतराची निवड केली. दगड जितका खाली येईल, त्या प्रमाणात त्याचा वेग वाढतो, असे त्याने गृहीत धरले. गंमत म्हणजे, पडलेले अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हा बरोबर नियमही त्याच पत्रात आहे!

हे गृहीतक आपण तपासून पाहू. अंतर दुप्पट झाले की वेगही दुप्पट होत असेल, तर १ हातापासून २ हातांपर्यंत पडायला जितका वेळ लागेल, तितकाच अर्ध्या हातापासून १ हातापर्यंत लागेल. तितकाच पाव हातापासून अर्ध्या हातापर्यंत. असे मागे जात राहिलो तर टप्पे संपतच नाहीत आणि प्रत्येक टप्प्याला वेळ मात्र तेवढाच. म्हणजे पहिला हातभर पडायलाच दगडाला अनंत काळ लागेल! १६३८ साली लायडन येथे छापलेल्या ग्रंथात गॅलिलिओने थोड्या वेगळ्या युक्तिवादाने हे गृहीतक फेटाळले आणि वेग काळाच्या प्रमाणात वाढतो, असे मांडले.

पडताळ्याचा प्रयोगही त्याने तेथे दिला आहे. १२ हात लांब लाकडाला गुळगुळीत खाच पाडून ते तिरपे ठेवायचे आणि खाचेतून काशाची गोळी सोडायची. बारीक नळीतून तेवढ्या वेळात पडलेले पाणी तोलले की काळ कळे. पाव लांबी उतरायला निम्मा वेळ लागला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रयोगात त्याने अंतर ठरवले आणि काळ मोजला. तेथे अंतर स्वतंत्र. नियमात मात्र काळ स्वतंत्र. म्हणजे ‘स्वतंत्र’ हा राशीचा अंगचा गुण नव्हे, ती आपण तिला दिलेली भूमिका आहे. अंतर स्वतंत्र मानायलाही हरकत नाही. मात्र मग वेग अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, असे म्हणावे लागते. भूमिका बदलली की संबंधाचे रूप बदलते.

गॅलिलिओ हे सारे गुणोत्तरांच्या भाषेत सांगत होता. एका राशीच्या बदलाने जी दुसरी राशी बदलते ती पहिलीचे फलन, अशा अर्थाची व्याख्या ऑयलरने १७५५ साली दिली.

वर्गात तिरप्या फळीवरून गोटी सोडून अंतर व काळ यांचे कोष्टक करता येईल. मग आडव्या अक्षावर एकदा काळ, एकदा अंतर घेऊन दोन आलेख काढून घ्यावेत. क्ष कोणाला म्हणायचे आणि का, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे.