बाशिंगबळ

लग्नात नवरी नटते. आमच्या रंगभूमीवर मात्र जवळजवळ नव्वद वर्षं नटच नवरी होत असे. १८४३ साली सांगलीला चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून ही वहिवाट सुरू झाली. नाटकाचं नाव स्वयंवर, म्हणजे नवरीनं आपला नवरा आपण निवडायचा. आणि निवडणारी नवरी कोण, तर मिसरूड फुटायच्या आतला एखादा मुलगा! पुढे १८८२ च्या ‘सौभद्रा’त भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा आली. भावानं ठरवलेला दुर्योधन तिला नको होता. आमच्या नाटकांतल्या नवऱ्या अशा पहिल्यापासून मोठ्या बाणेदार. तेवढ्यापुरतं पदराआड पुरुष असल्याचा त्यांना फायदा होत असावा.

पुरुषाची नवरी करणं हे काम मात्र सोपं नाही. मी ते केलेलं आहे, म्हणून अधिकारानं सांगतो. माझ्या तरुणपणी आमच्या वाड्याच्या गणेशोत्सवात दरवर्षी नाटक होई. ड्रेपरीवाल्याचं भाडं परवडत नसे, त्यामुळे वेशभूषा ‘घरगुती’. घरगुती म्हणजे माझ्याकडे. का, तर मला सुईत दोरा ओवता येतो ही बातमी कुणीतरी फोडली होती.

पहिला प्रश्न केसांचा. गंगावन घट्ट बांधलं तर नवरीचं डोकं दुखतं, सैल बांधलं तर वाकून नमस्कार करताना अंबाडा सासऱ्याच्या पायांवर पडतो. दुसरा प्रश्न नथीचा. पुरुषांची नाकं टोचलेली नसल्यामुळे नथ चापाची लागते. चाप ढिला तर नथ पदाच्या पहिल्या तानेला सुटते, कडक तर नवरी सगळं पद नाकात गाते. तिसरा प्रश्न रंगाचा. लग्नातली अष्टपुत्री पिवळी असते. फिकं पिवळं वस्त्र बत्तीच्या पिवळ्या उजेडात पांढरं दिसतं, आणि बोहल्यावर पांढऱ्या साडीतली नवरी उभी राहिली तर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका देवाचं नाव घेतात. म्हणून रंग हळदीपेक्षा दोन पायऱ्या गडद हवा.

राहता राहिलं डोकं. बाशिंगाला पुठ्ठा, खळ, सोनेरी कागद आणि बेगड एवढं पुरतं. पण ते घरच्या बाशिंगाच्या दीडपट करावं लागतं, नाहीतर शेवटच्या रांगेतल्याला नवरदेवाच्या कपाळाला पोस्टाचं तिकीट चिकटवल्यासारखं वाटतं. मुंडावळ्यांचे मोतीही वाटाण्याएवढे हवेत. खऱ्या लग्नात मुंडावळ्या दोऱ्यानं बांधतात. रंगमंचावर त्या फितीवर शिवून घ्याव्या आणि फीत मागे हुकानं अडकवावी. अंक बदलताना नवरी सोडवायला दोन मिनिटं मिळतात. खऱ्या लग्नात ती सोय नाही.

हे सगळं आम्ही चार आण्यांच्या बेगडीत भागवत होतो. बालगंधर्वांनी नाही भागवलं. १९१३ साली त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली आणि १० डिसेंबर १९१६ ला खाडिलकरांचं ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आणलं. चाली भास्करबुवा बखल्यांच्या आणि रुक्मिणी स्वतः नारायणराव, वय वर्षं अठ्ठावीस. त्यांना रंगमंचावर खोटं चालत नसे. शालू खरा, भरजरी. खर्चाचा आकडा मालकांनी पाहायचा असतो. इथे मालक स्वतःच आरशासमोर नथ ठीक करत बसलेले! मंडळी कर्जात बुडाली त्याला कारणं पुष्कळ, पण त्यात या शालूंचे चार पदर नक्कीच होते. त्या काळच्या घरंदाज बायका नारायणरावांचं बघून लुगडं चापूनचोपून नेसायला आणि अंबाड्यावर गजरा माळायला शिकल्या. बायकांनी बायकांसारखं कसं दिसावं हे एका पुरुषानं शिकवलं, आणि त्यांच्या नवऱ्यांनी तिकिटाचे पैसे देऊन ते शिकू दिलं.

या सगळ्या नवऱ्यांत एक नवरी मात्र वेगळी. देवलांच्या ‘शारदे’ची. १८९९ चं नाटक. कांचनभट पैशांसाठी आपली मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो. गुडघ्याला बाशिंग बांधणं म्हणजे काय ते भुजंगनाथाकडे पाहून कळतं; त्याच्या कपाळावर ते शोभत नाही म्हणून गुडघाच बरा. लोक त्याला पोट धरून हसत. ते लग्न मोडतं कशावर? नवरा पिकलं पान आहे यावर नाही. वधू-वर सगोत्र निघतात यावर! वयाची कुणाला अडचण नव्हती, अडचण गोत्राची. देवलांचा खरा बोचरा विनोद तो आहे. मुलीचं वय किमान चौदा हवं असं म्हणणारा कायदा यायला पुढे तीस वर्षं लागली. १९२९ चा तो ‘शारदा कायदा’ नाटकामुळे त्या नावानं ओळखला जातो असं सांगणारे लोक मला अजून भेटतात. ते नाव हरबिलास सारडा यांच्यामुळे पडलं. पण मी कुणाची चूक दुरुस्त करत नाही. कायद्याला नाटकातल्या मुलीचं नाव मिळालं असं कुणाला वाटत असेल तर बिघडतं कुठे?

१९६८ साली आमच्या वाड्यानं ‘शारदा’ घेतलं. वास्तविक १९३३ साली नाट्यमन्वंतरनं ‘आंधळ्यांची शाळा’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांना दिल्या, त्याला पस्तीस वर्षं झाली होती. पण ती बातमी आमच्या वाड्यातल्या वडीलधाऱ्यांपर्यंत पोचायची होती. तेव्हा शारदा झाला दुसऱ्या मजल्यावरचा अकरावीतला मुलगा. शालू वरच्या काकूंचा. तो देताना काकूंनी बजावलं, “हे बघ, याला रंगाचा डाग पडला, तर त्या पोराला शालूसकट बंबात घालीन.”

मी ओटीवर मुंडावळ्या शिवत बसलो होतो. आजी शेजारी येऊन टेकली. तिचं लग्न १९१६ सालच्या वैशाखात झालेलं. म्हणजे रुक्मिणीनं कृष्णाला पत्र धाडून आपला वर आपण मागितला, त्याच वर्षी. आजी अकरा वर्षांची, आजोबा तिशी उलटलेले बिजवर. तिला कुणी काही विचारलं नव्हतं आणि पत्र धाडायला लिहिता येत नव्हतं. या लग्नाविरुद्ध बोलायची मला फारशी सोय नाही, कारण ते झालं म्हणून मी आहे.

तिनं मुंडावळ्या हातात घेतल्या, फीत उलटी करून आतल्या बाजूनं बोट फिरवलं.

“टोचेल रे हे त्याला.”

“दोन मिनिटांचं तर काम आहे, आजी.”

“दोन मिनिटं तरी कशाला? माझ्या फार टोचत होत्या. झोपले तेव्हाही कुणी काढल्या नाहीत.” मग तिनं आपल्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा आणला आणि चष्मा सावरत फितीला आतून अस्तर लावून दिलं. टाका माझ्यापेक्षा सुबक होता.

प्रयोग चांगला झाला. भुजंगनाथाला हशा, शारदेला टाळ्या, शालूला डाग नाही. पडदा पडताच शारदेनं हूक काढला, मुंडावळ्या माझ्या अंगावर टाकल्या, गंगावन खुंटीला अडकवलं आणि तशीच शालूत, पायांत चपला सरकवून, मित्रांबरोबर बटाटेवडा खायला धूम ठोकली. काकू मागून शालूसाठी ओरडत होत्या.

आजी ओट्यावरून त्याच्याकडे बघत राहिली.

“बरं आहे बाई याचं,” ती म्हणाली आणि दिवा मालवायला आत गेली.