देवीच्या दारी आणि आईच्या घरी

समाजाचा इतिहास लिहू जाता राजांच्या वंशावळी सापडतात, देवस्थानांच्या सनदा सापडतात, गावोगावच्या वतनांचे कज्जेही दप्तरांत सापडतात. परंतु ऐन कुमारवयात घराचा उंबरठा ओलांडून जी मुले कायमची निघून गेली, त्यांचा इतिहास कोणी लिहून ठेवला नाही. देहाने पुत्र म्हणून जन्मास आलेले व मनाने स्वतःस कन्या जाणणारे, किंवा याच्या उलट असणारे मूल आपल्या समाजात नवे नाही. आज त्यास पारलिंगी असा शब्द रूढ होत आहे. जुन्या बोलीत तृतीयपंथी, जोगता, हिजडा अशी नावे होती. यांतील काही नावे निव्वळ ओळखीची, तर काही शिवीसारखी वापरली गेली. अशा मुलाचे आपल्या परंपरेने काय केले आणि त्याच्या घराने काय केले, हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत. ते निरनिराळेच ठेवून पाहावे, असे आम्हांस वाटते.

प्रथम महाभारताकडे वळू. उद्योगपर्वाच्या अखेरीस भीष्म दुर्योधनास शिखंडीची कथा सांगतात. द्रुपदाने पुत्रासाठी शंकराची आराधना केली, झाली कन्या. राणीने पुत्र झाल्याचे जाहीर केले, राजाने तिला पुत्राप्रमाणेच वाढविले, द्रोणांकडून शस्त्रविद्या दिली आणि दशार्ण देशाच्या हिरण्यवर्म्याची मुलगीही करून आणली. सत्य उघडकीस आले तेव्हा व्याही सैन्य घेऊन चालून आला. आईबाप शोकात बुडाले. आपल्यापायीच हे संकट ओढवले असे मानून ते लेकरू प्राणत्याग करण्याच्या निश्चयाने एकटेच अरण्यात निघून गेले. तेथे स्थूणाकर्ण नावाच्या यक्षाने त्यास विचारले, तुला काय हवे? आणि आपले पुरुषत्व काही काळापुरते त्यास देऊ केले. शिखंडी घरी परतला तेव्हा द्रुपदाच्या आनंदास पार उरला नाही. पुराणकथेस आजच्या शब्दांचे कपडे चढविण्याचा आमचा हेतू नाही. परंतु लोकलाजेच्या भयाने खचलेले आईबाप आणि त्यांचे दुःख पाहून जीव देण्यास निघालेले मूल, हे चित्र व्यासांच्या लेखणीतून उतरले आहे, एवढे नमूद केले पाहिजे. मुलास जो प्रश्न घरात कोणी विचारावयास हवा होता, तो एका परक्या यक्षाने विचारला.

आता देवळाकडे येऊ. बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मा, म्हणजेच रेणुका, नांदते. सीमेच्या अलीकडची आणि पलीकडची, मराठी आणि कानडी बोलणारी माणसे तिच्या यात्रेस लोटतात. लुगडे नेसून, गळ्यात देवीचे दर्शन बांधून, चौंडक्याच्या तालावर गाणारा जोगता आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. मुलाच्या चालण्याबोलण्यात बाईपण दिसू लागले की देवीने त्यास आपला म्हटले, अशी श्रद्धा. तिकडे गुजरातेत बेचराजीची बहुचरा माता तृतीयपंथीयांची आराध्यदेवता आहे. बडोद्याच्या मानाजीराव गायकवाडांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे मंदिर बांधविले. मराठी राज्यांत हिजड्यांना भिक्षेचे हक्क आणि जमिनीची वतने होती, व पुढे इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याच्या सरकारने ती चालू ठेवण्यास नकार दिला, हेही इतिहासास ठाऊक आहे. सारांश, या लोकांना आपल्याकडे स्थानच नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही.

तथापि हे स्थान कोठे होते? देवीच्या आवारात होते, यात्रेच्या वाटेवर होते, लग्नाच्या अथवा बारशाच्या दारात घटकाभर होते. आईच्या स्वयंपाकघरात नव्हते. मूल देवीस वाहिले म्हणजे घरावरचा बोल टळे आणि त्यागाचे पुण्यही पदरी पडे. ज्यांच्या प्रकृतीत हा भेद मुळीच नव्हता अशी मुलेही नवसापायी वाहिली जात. राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’ या कादंबरीने जोगत्याच्या या कोंडीचे चित्र मराठी वाचकांपुढे मांडले. कर्नाटकाने 1982 साली देवदासी सोडण्यास कायद्याने बंदी केली. परंतु तो कायदा स्त्रियांपुरता होता.

मंजम्मा जोगती यांचे चरित्र या संदर्भात मननीय आहे. बळ्ळारी जिल्ह्यातील एका कुटुंबात त्या मुलगा म्हणून जन्मल्या. कुमारवयात त्यांचे बाईपण लपेनासे झाले तेव्हा घरच्यांनी त्यांस होस्पेटजवळच्या हुलिगेम्मेच्या देवळात जोगती म्हणून वाहिले. त्यानंतर घर तुटले. त्यांनी विष घेतले, त्यातून वाचल्या, भिक्षा मागितली, आणि काळव्वा जोगतींपाशी जोगती नृत्य शिकल्या. 2019 साली त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या व 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. हा गौरव पाहून आपण टाळ्या वाजवितो. परंतु त्या विषातून न वाचलेल्यांची गणती कोण करणार?

परकी सत्ता आली आणि आहे तेही स्थान गेले. 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा एक भाग केवळ हिजड्यांसाठी होता. वायव्य प्रांत, अयोध्या व पंजाबात त्यांची नोंदवही पोलिसांनी ठेवावी, नोंद झालेल्याने स्त्रीवेषात रस्त्यावर दिसू नये, त्याने मृत्युपत्र करू नये, दत्तक घेऊ नये, अज्ञानाचा पालक होऊ नये, असे त्यात होते. हैदराबादेत निजामाच्या सरकारने 1919 साली, म्हणजे फसली 1329 मध्ये, त्याच धर्तीचा कायदा केला. सोळा वर्षांखालील मुलगा यांच्यापाशी आढळला तर शिक्षा, अशी तरतूद होती. मुले पळविली जातात, हे या कायद्यांचे गृहीतक. बळजबरी कोठेच झाली नसेल असे आम्ही म्हणत नाही, आणि गुरूच्या घरी सारे सुखच होते असेही नाही. परंतु कित्येक मुले पळविली गेली नव्हती, हाकलली गेली होती. आणि हाकलणाऱ्या घरावर कोणत्याही नोंदवहीत ठपका नव्हता. हैदराबादचा हा कायदा संस्थान गेले तरी पुस्तकात राहिला. 2018 साली त्यास स्थगिती मिळाली व जुलै 2023 मध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला.

दरम्यान 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपले लिंग आपण ठरविण्याचा अधिकार मान्य केला. 2019 च्या केंद्रीय कायद्यात तर घराचाच उल्लेख आला. मूल पारलिंगी आहे एवढ्याच कारणाने, न्यायालयाच्या आज्ञेवाचून, त्यास आईबापांपासून वेगळे करू नये, आणि आईबाप जेथे राहतात त्या घरात राहण्याचा त्यास हक्क आहे, असे बाराव्या कलमात लिहिले गेले. हैदराबादेत 1919 साली कायद्याने नोंदवही उघडली, आणि त्यानंतर शंभर वर्षांनी कायदा घराविषयी बोलू लागला.

परंतु कायदा घरात राहू देईल. पानावर प्रेमाने वाढणार नाही. या वाढण्यावर किती अवलंबून असते, याचे मोजमाप आता झाले आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात 16 ते 24 वयाच्या पारलिंगी तरुणांची एक पाहणी 2012 साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या पाठीशी आईबाप खंबीर उभे होते, त्यांपैकी शेकडा 4 जणांनी मागील वर्षात आत्महत्येचा प्रयत्न केला होता. ज्यांना तसा आधार नव्हता, त्यांपैकी शेकडा 57 जणांनी. पाहणी लहान होती, आणि अशा आकड्यांवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरे. तरी अंतर एवढे मोठे आहे की ते दृष्टीआड करता येत नाही. अमेरिकेत 2016 साली 73 लहान मुलांचा अभ्यास झाला. घरच्यांनी त्यांस त्यांच्या मनाप्रमाणे नाव व वेष दिला होता. त्या मुलांतील खिन्नता इतर मुलांहून अधिक आढळली नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 साली स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात ही अवस्था मनोविकारांच्या प्रकरणातून काढून टाकली. तेव्हा अंगारे, धुपारे, मार आणि घाईघाईने उरकलेले लग्न हे उपाय कोणत्या रोगावर करावयाचे?

आपल्याकडे उदाहरण नाही असेही नाही. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी हिजडा समाजाची दीक्षा घेतली तरी त्यांच्या आईवडिलांनी त्यांस घराबाहेर काढले नाही. ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे त्यांचे आत्मकथन 2012 साली मराठीतच प्रसिद्ध झाले. 2014 च्या खटल्यात त्या न्यायालयापुढे उभ्या राहिल्या, आणि 2016 च्या उज्जैनच्या सिंहस्थात किन्नर आखाड्याचे नेतृत्व त्यांनी केले. त्या स्वभावतः धाडसी आहेत हे तर खरेच. परंतु रात्री परतण्यास घर असलेल्या माणसाचे धाडस आणि घर नसलेल्याचे धाडस यांत फरक असतो.

मूल जन्मले म्हणजे त्यास कुलदेवतेच्या पायांवर घालण्याची चाल आपल्या कुळांत आहे. त्या वेळी आपण देवीपाशी त्याचे आयुष्य मागतो, आरोग्य मागतो. ते मोठेपणी कसे चालेल, कसे बोलेल, याची अट घालीत नाही. तेच मूल चौदाव्या-पंधराव्या वर्षी चाचरत काही सांगू लागले, तर त्याचे पुरते ऐकून घ्यावे, त्या रात्री त्याचे ताट नेहमीच्या जागी मांडावे, आणि नातलगांच्या प्रश्नांना आईबापांनीच उत्तर द्यावे. देवस्थानांच्या महाजनांनीही अशा कुटुंबास पालखीच्या वेळी बाजूला सारू नये. यक्षाने अरण्यात जे केले, ते घरच्यांनी घरात केले, तर कोणत्याही लेकरास अरण्य गाठण्याची वेळ येणार नाही.